रजिस्टरमध्ये चोर सापडला नाही

आमची कॉलनी तशी छोटीच, मधे तळं, त्याच्याभोवती गोल रस्ता, रस्त्याला लागून घरं आणि बाहेर जायला एकच गेट. घर घेताना तळं बघून भुललो हे कबूल. ते निसर्गाने आमच्यासाठी राखून ठेवलंय असंच वाटायचं, मग एकदा धो धो पाऊस झाला आणि रस्त्याकडेची झाडून सगळी गटारं तिकडेच धावताना दिसली. तेव्हा कळलं, अहो हे शोभेचं नाहीच, पावसाचं पाणी जिरवायला खणलेला खड्डा आहे, 'लेक' हे नाव नंतर चिकटलं.

तर मागच्या उन्हाळ्यात तीन दिवस आभाळ गच्च, वाऱ्याचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी पहाटे फिरायला निघालो तर मासे पाण्याच्या वरच्या रेषेला तोंड लावून नुसते आ वासत होते, आणि उजाडेपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांची रांग. ग्रुपवर लगेच "कुणीतरी विष टाकलंय". बिचाऱ्या वॉचमनला रात्रीचं रजिस्टर काढायला लावलं, कोण आलं कोण गेलं!

आलं कुणीच नव्हतं. आपण लॉनला खत मारतो, त्यातलं नायट्रोजन फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यात, त्यावर शेवाळ माजतं. हे शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच ओढून घेतं, आणि दिवसभर ढगच असले तर साठा होतच नाही, म्हणून पहाटे सगळ्यात वाईट वेळ. लिटरमागे 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन असला की बहुतेक मासे खूश, 2 च्या खाली गेला की संपलं.

कमिटीने उपाय काय केला, तर कारंजं बसवलं. रंगीत लाइटवालं. दिसतं झकास पण ते वरचंच पाणी वर उडवतं, खोल तळाशी जैसे थे. तळातून हवेचे बुडबुडे सोडणारे पाइप टाका म्हणून मी दोन मीटिंगा घसा फोडला, शेवटी टाकले एकदाचे.

आता भांडण काठाच्या गवताचं. दोनतीन मीटर पट्टा न कापता उंच वाढू द्या, वाहून येणारं खत बरंचसं तिथेच अडेल, एवढंच माझं म्हणणं. यावर साप येतील, डास होतील, व्ह्यू जाईल, सगळं ऐकून झालं.

आणि ऐकण्यावरून आठवलं. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची गरम असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. परवा मी मागच्या ओट्यावर गप्प बसलो होतो आणि पलीकडच्या काठावरून शेजारी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "तो गवतवाला आहे ना, त्याला काय कामधंदा नाही." शब्द न् शब्द ऐकला. पुढे म्हणाले, "रविवारी सगळं कापून टाकू, तो गावाला गेला की."

रविवारचं जाणं रद्द केलंय.