गप्पीची पिल्लं

“माय शे ना ती? मंग आपलाच पोरेस्ले का बरं खास?”

पहाटे पिल्लं वाटीनं वेगळ्या बरणीत काढत होते, तेव्हा आजीनं विचारलं. रात्री गप्पी मासोळी व्याली होती. हाती लागली अठरा, काही आधीच आईच्या पोटात गेली असणार. अंग काचेसारखं आरपार, दिसतात फक्त दोन काळे डोळे.

गप्पीला आपलं पोर ओळखू येत नाही, बारीक काही हललं की ती तोंड घालते. हे आजीला सांगितलं, पण तिला काही पटलं नाही.

उकडलेल्या अंड्याचा बलक सुती फडक्यातून पाण्यात सोडला. टाचणीच्या डोक्याएवढाच, जास्त झाला की पाणी नासतं. खरी भीती जळगावच्या मे महिन्याची. बाहेर ४४ अंश, गप्पीला मानवतात २४ ते २८. बरणी माठाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवली.

दुपारी लाईट गेली. बघते तर आजी बरणीपाशी बसून पदरानं वारा घालतेय.

“पंधराच शेतस,” ती हळूच म्हणाली. माझ्याआधी तिनं मोजली होती.

आजीची दोन बाळं पाळण्यातच गेली. त्यांची नावं ती अजून घेते.

तुम्ही उन्हाळ्यात पिल्लं कशी जगवता? सांगा ना.