बॅकअप वता, पूण परत येना

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतून फोन आला, "बॅकअप वता, पूण परत येना." म्हणजे बॅकअप जातो, पण परत येत नाही. बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या तिकिटांवर सहसा वाचायला मिळत नाही.

पणजीहून तिथे पोचल्यावर विचारलं, "काय बदललंत?"

"कांयच ना, सर."

हे उत्तर ठरलेलंच. कमांडची हिस्टरी काढली. बॅकअप वेगाने व्हावा म्हणून नेटवर्कचा स्विच, होस्ट (मूळ यंत्र) आणि शेवटी व्हीएम (त्यावर चालणारं आभासी यंत्र), सगळीकडे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० बाइटवरून ९००० केला होता. व्हीएमच्या ड्रायव्हरने तो निमूट स्वीकारला होता.

व्हीएममधून ८९७२ बाइटचा पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी चाचणीची विनंती, मारला. हेडरचे २८ धरून बरोबर ९०००. उत्तर नाही. अशा वेळी सगळे स्विचवर घसरतात. मी टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, दोन ठिकाणी लावलं. होस्टच्या टॅप इंटरफेसवर, म्हणजे व्हीएमला जोडणाऱ्या दारावर, विनंती जाताना दिसत होती आणि उत्तर परत येतानाही. व्हीएमच्या आत मात्र नुसती विनंती. म्हणजे पॅकेट दारापर्यंत येऊन आत शिरत नव्हतं.

मग व्हीएमची व्याख्या, म्हणजे तिच्या सेटिंगची फाइल, उघडली. जुन्या कुठल्याशा प्रयोगासाठी मर्जेबल रिसीव्ह बफर (एक मोठं पॅकेट अनेक बफरांत मिळून घेण्याची सोय) आणि गेस्टचे, म्हणजे व्हीएमचे, ऑफलोड (मोठी पॅकेटं एकत्रच घेण्याची सोय) बंद करून ठेवले होते. अशा वेळी व्हर्टआयओ-नेट, म्हणजे व्हीएमच्या आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, पॅकेटमागे एकच छोटा बफर देतो, जेमतेम १५१८ बाइटच्या फ्रेमपुरता. मागाहून एमटीयू वाढवला तरी तो बफर वाढत नाही. पाठवायला ९००० चालतं, घ्यायला नाही. त्यात टीसीपी जोडणीच्या सुरुवातीलाच आपल्या एमटीयूवरून ८९६० चा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमध्ये आपण किती माहिती घेऊ तो आकडा, समोरच्याला कळवून मोकळं होतं. पन्नास पानांचं आमंत्रण, आणि पंगतीत पाटच नाहीत! होस्टवरचं व्हीहोस्ट, म्हणजे व्हीएमला पॅकेटं पोचवणारा कर्नलचा भाग, न मावणारं पॅकेट टाकून देतं आणि त्याची नोंद फक्त डीबग पातळीवर करतं, जी एरवी लॉगमध्ये दिसत नाही. लॉग स्वच्छ, व्हीएमचे ड्रॉप काउंटर शून्य.

व्हीएमचा एमटीयू १५०० वर आणला. जुन्या जोडण्या आधीच ठरलेल्या एमएसएसवर अडून होत्या, म्हणून बॅकअपची सेवा रीस्टार्ट केली आणि रिस्टोर, म्हणजे बॅकअप परत आणणं, धावू लागला. मर्जेबल बफर रात्री चालू केले. ते चालता-चालता होत नाही; व्हीएम पूर्ण बंद करून उठवावं लागतं. त्यानंतर ९००० दोन्ही बाजूंनी गेले.

माझा राग त्या माणसावर नाही, ड्रायव्हरवर आहे. लिनक्स ४.१० पासून प्रत्येक ड्रायव्हरला आपला कमाल एमटीयू जाहीर करता येतो. होस्टने मर्यादा कळवली नसेल तर हा खुशाल ६५५३५ सांगतो. जे घेता येणार नाही त्याला सरळ नकार दिला असता, तर माझी वेर्ण्याची फेरी वाचली असती.