सगळ्यात भरघोस रोप बाद का झालं?

ज्या रोपावर आमची सगळ्यात जास्त भिस्त होती, त्याचाच रिपोर्ट त्या दिवशी नापास आला. सीबीडी, म्हणजे भांगेतलं नशा न आणणारं द्रव्य, १३ टक्के, पण नशा आणणारं टीएचसी ०.५२. हेम्पसाठी, म्हणजे नशा न आणणाऱ्या भांगेच्या पिकासाठी, अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याने टीएचसीवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि निवड करताना आम्ही तीच रेघ धरतो.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी फोनवर आधी हेच विचारलं, "सर, नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?" शंका रास्त होती. रोप कोवळं असतानाच पानातून डीएनए काढून मार्कर चाचणी (कोणतं जनुक आहे ते दाखवणारी) झाली होती आणि ते शुद्ध सीबीडी गटातलं निघालं होतं. टीएचसी तयार करणारं चालू जनुक त्यात नव्हतंच. बाहेरून पराग आला असेल, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं. पण परागाने फार तर बी बदलतं. फुलोऱ्यातली रसायनं मादी झाडाच्या स्वतःच्या जनुकांवर ठरतात.

सीबीडी आणि टीएचसी या दोन्हींचा कच्चा माल एकच, सीबीजीए नावाचं आम्ल. एक एन्झाइम त्यातून सीबीडीए, म्हणजे सीबीडीचं आम्लरूप, बनवतं, दुसरं टीएचसीए, म्हणजे टीएचसीचं. दोन्ही गुणांचा संकर केला की दुसऱ्या पिढीत शुद्ध टीएचसी, मिश्र आणि शुद्ध सीबीडी अशी रोपं १:२:१ या प्रमाणात पडतात, हे २००३ मध्ये डे मायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. मेंडेलचं गणित इतकं स्वच्छ उतरलेलं पाहिलं की मला आजही आनंद होतो. पण यातून ठरतं ते फक्त गुणोत्तर. एकूण माल किती भरेल, हे अनेक जनुकं आणि फुलांवरच्या राळग्रंथी ठरवतात.

मी त्या रोपाच्या भावंडांचे रिपोर्ट काढले आणि सीबीडीला टीएचसीने भागत बसलो. एकात सीबीडी ७.२, टीएचसी ०.२८. दुसऱ्यात ५.६ आणि ०.२३. ही सगळी पास झालेली, तरी उत्तर जिथे तिथे पंचविशीच्या आसपास. नापास रोपाचंही बरोबर पंचवीस. भेसळ झाली असती तर हे गुणोत्तर बिघडलं असतं. खरी गोष्ट अशी की सीबीडीए बनवणारं एन्झाइमच पूर्ण काटेकोर नाही. काम करता करता थोडं टीएचसीए त्याच्याही हातून सुटतं. सीबीडी वाढलं की टीएचसीही त्याच पटीने वाढतं.

म्हणजे पंचवीसच्या गुणोत्तराला ०.३ च्या आत साडेसात टक्क्यांच्या वर सीबीडी मिळणारच नाही, झाड कितीही जोमदार असो. हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आपण इतके दिवस चुकीच्या आकड्यामागे लागलोय का?" मला तसं वाटत नाही. टक्के हवेतच, पण गुणोत्तर आधी. तीसचं गुणोत्तर देणारी वंशावळ सापडली तर त्याच मर्यादेत नऊ टक्के बसतात. म्हणून ते रोप मी बाद केलं आणि पुढच्या संकरासाठी पालक निवडायला जुने रिपोर्ट सीबीडीच्या टक्क्यांऐवजी भागाकाराच्या क्रमाने लावायला घेतले.