एवढ्या नर्स कमी पडतात, मग आमच्या पोरीला नोकरी का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. एरवी या विषयावर मी दोन वाक्यं बोलून सटकते.

प्रश्न नेहमी एकाच घाटणीचा असतो. "सिस्टर, पेपरात सारखं येतं की नर्स कमी आहेत. मग आमची पोरगी पास होऊन सात महिने झाले, घरीच कशी?" कधी सोसायटीच्या जिन्यात, कधी नाशकात निमाणीच्या स्टॅण्डवर, आणि लग्नात तर हमखास, हातात ताट असताना. गेल्या महिन्यात दिंडोरीकडचे एक काका थेट आमच्या आयसीयूच्या दाराशी आले. प्लास्टिकच्या फोल्डरात मुलीचा बायोडेटा, चार वर्षांच्या गुणपत्रिका, कॉलेजातल्या लॅम्प लायटिंगचा, म्हणजे नर्सिंगच्या शपथेच्या कार्यक्रमाचा, फोटोसुद्धा. बी.एस्सी. नर्सिंग, फर्स्ट क्लास. फीसाठी द्राक्षाच्या दोन बहारांचे पैसे लावायचे ठरले होते, त्यातला एक बहार अवकाळीत गेला, म्हणजे अर्धी फी उसनवारीची. मी त्यांना चहा पाजला आणि दारातल्या दारात काहीतरी उत्तर दिलं. ते अर्धवट होतं. नीट द्यायचं तर असं.

नर्स कमी आहेत हे खरं, आणि पास झालेल्या मुली घरी बसल्यात हेही खरं. रुग्णालयाला नर्स हवी असते ती तयार. तिला तयार करायचे पहिले सहा महिने मात्र कुणालाच आपल्या गल्ल्यातून द्यायचे नसतात. तिला दुसऱ्या कुणी घडवावं आणि मग तिने आमच्याकडे यावं, असं सगळ्यांनाच वाटतं. त्याला जाहिरातीत म्हणतात 'किमान दोन वर्षांचा अनुभव'.

आणि हे मी बाहेरून बोलत नाही. मुलाखतीला टेबलाच्या पलीकडे मीच बसते.

"इंट्राकॅथ लावता येतो का?"
"पाहिलाय, मॅडम."
"नॉरअ‍ॅडची ड्रिप लावलीयेस?"
"पाहिलीय."
"व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सक्शन?"
"एकदा पाहिलंय."

(शिरेत सलाइनची सुई बसवणं, ब्लडप्रेशर टिकवायचं औषध लावणं, श्वासाच्या नळीतला कफ ओढून काढणं, ही आमची रोजची कामं.) हे 'पाहिलंय' ऐकलं की माझा पेन आपोआप आडवा जातो. मुलगी खोटं बोलत नसते, उलट फार खरं बोलत असते. ट्रेनिंगच्या पोस्टिंगला एका ड्रेसिंगभोवती दहा-दहा मुली उभ्या असतात. पुढच्या दोघींना जखम दिसते, मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या. प्रोसिजर बुकात मात्र सगळ्यांच्या सह्या पूर्ण. चार वर्षांत हाताखालून जितक्या गोष्टी जायला हव्यात, त्यातल्या बऱ्याच डोळ्यांखालूनच जातात.

मग मी तिला का घेत नाही, शिकवीन की! इथे हिशेब येतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे आयसीयूत एका रुग्णामागे एक नर्स हवी, साध्या रुग्णालयातल्या वॉर्डात पाचांमागे एक. माझ्या आयसीयूत 10 खाटा आणि रात्रपाळीला चार सिस्टर. नवी मुलगी आली म्हणजे पाच झाल्या असं कुणाला वाटेल. तसं होत नाही. चारांतली एक तिच्या मागे लागते: औषधाचा डोस तपासायचा, पंपाचा वेग बघायचा, नोट्स वाचायच्या. म्हणजे पहिले दोन-तीन महिने मी पाचाचे साडेतीन करून बसते. त्यातच एखादा पेशंट क्रॅश झाला की नव्या मुलीने एका बाजूला उभं राहावं असं मला वाटतं, आणि तेच वाटणं तिला पुन्हा 'पाहिलंय'कडे ढकलतं. हे कळतं मला. तरी पेन आडवाच जातो.

मी स्वतः 2003 साली जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाले. पहिली नोकरी 14 खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये, पगार 1,800 रुपये. रुजू होताना ओरिजिनल गुणपत्रिका डॉक्टरांनी कपाटात ठेवून घेतल्या, दोन वर्षं सोडायचं नाही म्हणून. नंतर त्या सोडवायला मी तीन महिने चकरा मारल्या. (कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या मिसेसच्या पर्समध्ये असायची आणि मिसेस कायम माहेरी.) ते असो. पण मला नर्स तिथेच केलं गेलं, आणि केलं ते डॉक्टरांनी नाही, एका मावशींनी.

मावशी सातवी शिकलेल्या. झाडू-फरशीला लागल्या होत्या, पंधरा वर्षांत इंजेक्शन, सलाइन, ड्रेसिंग, डिलिव्हरीची तयारी, सगळं करायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात जुलाबाने सुकलेल्या एका आजींना मी तीनदा टोचलं आणि तिन्ही वेळा चुकले. आजी काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मावशींनी माझ्या हातातली सुई काढून घेतली, बांधलेली पट्टी सोडली, आजींचा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबता सोडला आणि शांतपणे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "डोळ्यांनी नको शोधू गं. बोटाला लागू दे." चौथ्यांदा लागली. पुढचे सहा महिने त्यांनी मला असंच हाताला धरून शिकवलं आणि त्याचा एक पैसा त्यांना मिळाला नाही.

आता यातली गाठ बघा. आज नोंदणी झालेल्या मुलींना लहान दवाखान्यात जागा नसते, त्याचं एक मोठं कारण मावशींसारख्या बायाच आहेत. कुठे आठवी-दहावी झालेली मुलगी तीन महिने हाताशी ठेवतात, गणवेश घालतात आणि 'सिस्टर' म्हणून उभी करतात. नातेवाइकांना कसं कळणार? गणवेश तोच, पगार निम्मा. राज्यात 1966 चा परिचारिका कायदा आहे, नोंदणी त्याखाली होते, पण खाटेशेजारी उभी असलेली बाई नोंदणीकृत आहे का, हे विचारणारा नातेवाईक मी बावीस वर्षांत एकच पाहिला. तो वकील होता. मावशींबद्दल मी काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या नसत्या तर मी नर्स झाले नसते. आणि त्या जिथे होत्या, तिथे खरं तर दुसरी एखादी शिकलेली मुलगी असायला हवी होती.

पगाराचं बोलायला हवं, कारण सगळी साखळी तिथेच अडकते. जानेवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली. समितीने म्हटलं की 200 हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतकाच पगार द्या. 100 च्या वर खाटा असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्के कमी. आणि 50 च्या आतल्या दवाखान्यातसुद्धा 20,000 च्या खाली जाऊ नका. आरोग्य हा राज्यांचा विषय, तेव्हा पुढचं राज्यांवर सोडलं गेलं. आज इतक्या वर्षांनी माझ्या ओळखीच्या नव्या मुलींना आपल्या नाशकात 12-13 हजार सांगतात, आणि वर 'शिकायला मिळतंय ना' हेही. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतनच 35,400 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. मग 12 हजारांवरची मुलगी वर्षभरात हात बसला की पुण्याला जाते, नाहीतर जर्मनीला जायचं म्हणून जर्मन भाषेच्या क्लासला बसते. मॅनेजमेंट मला म्हणतं, "बघा सिस्टर, आपण शिकवायचं आणि लोकांनी न्यायचं." मी म्हणते, पाच हजार वाढवा, मग बघू किती जातात. त्यावर चहा येतो.

काकांच्या मुलीचं प्रकरण याच्याही अलीकडेच अडलं होतं. तिची पदवी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे म्हसरूळचीच, काका एसटीने येतात त्या दिंडोरी रोडवरच ते आहे. पण निकाल लागला म्हणून ती नर्स होत नाही. मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. कॉलेजकडून कागद निघायचे, मग अर्ज, मग त्यात एखादी त्रुटी. नावात आईच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं, म्हणून अर्ज परत. या मधल्या महिन्यांत मुलगी धड विद्यार्थिनी नाही, धड नर्स नाही. मोठी रुग्णालयं, विशेषतः एनएबीएचची (रुग्णालयांच्या दर्जाची) मान्यता असलेली, नोंदणी क्रमांकाशिवाय फाइल उघडत नाहीत. लहान दवाखाने उघडतात, पण 'ट्रेनी' म्हणून, आणि त्या ट्रेनीपणाचं नंतर पत्र देत नाहीत.

पत्रावरून आठवलं. पहिली नोकरी कुठलीही धरा असं सगळे सांगतात, मीही सांगायचे. आता सांगत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला, नॉरसेटला, बी.एस्सी. झालेली मुलगी अनुभवाशिवाय बसू शकते. जी.एन.एम. झालेलीला मात्र दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तोही किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला. माझ्या भाचीने 18 खाटांच्या दवाखान्यात तीन वर्षं रात्रपाळ्या काढल्या, हात असा बसला की माझ्या आयसीयूतल्या दोघी तिच्याकडून शिकतील, आणि फॉर्म भरताना कळलं की त्या तीन वर्षांची किंमत तिथे शून्य. म्हणून हजार-दोन हजार कमी मिळाले तरी 50 च्या वर खाटा असलेली जागा बघा. नेमणुकीचं पत्र घ्या, सोडताना अनुभवाच्या पत्रावर पद आणि खाटांची संख्या लिहून घ्या. ओरिजिनल कुणाच्या कपाटात ठेवू नका, झेरॉक्स द्या. आणि आयसीयूचा हट्ट सोडा. मेडिसिनच्या किंवा सर्जरीच्या जनरल वॉर्डात सहा महिन्यांत जितक्या शिरा सापडतात, तितक्या माझ्याकडे वर्षभरात सापडणार नाहीत, कारण माझ्याकडे निम्म्यांना सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत आधीच घातलेली नळी, असते.

मुलांचं, म्हणजे ब्रदर लोकांचं, थोडं वेगळं आहे. कॅज्युअल्टीला आणि ओटीला खासगीवाले त्यांना पटकन घेतात, एम्समध्ये मात्र त्यांच्या वाट्याला 20 टक्केच जागा. उपकेंद्रावर सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून जाणं हीही एक वाट आहे. सुरगाणा-पेठकडे एकटीने राहायची तयारी हवी, आणि नोकरी कंत्राटी. सिंहस्थात भरती निघेल असं हल्ली प्रत्येक जण सांगतो. निघेलही, पण माझा अंदाज विचाराल तर तीही काही महिन्यांचीच.

या सगळ्यात मी एक गोष्ट केली, तीही मॅनेजमेंटशी भांडून. फ्रेशर मुलींसाठी वेगळ्या चार जागा मागितल्या, पाळीतल्या सिस्टर मोजताना धरायच्या नाहीत अशा. तीन महिने नुसतं एकीच्या मागे राहायचं, मग तिने हात लावायचा. चाराच्या दोन मंजूर झाल्या. बायोडेटा आले साठच्या वर. निवडताना मी एकच प्रश्न बदलला. 'येतं का' याऐवजी 'कुठे चुकलीस' असं विचारलं. सटाण्याच्या एकीने चुकून दुसऱ्या पेशंटला लावायला घेतलेलं अँटिबायोटिक कसं शेवटच्या क्षणी नाव वाचून थांबवलं, ते सांगितलं. तिला घेतलं.

काकांची मुलगी त्या साठांत होती. तिने उत्तर चांगलं दिलं असतं असं मला वाटतं, पण तिला बोलावताच आलं नाही, नोंदणी क्रमांक आलेला नव्हता. स्पेलिंगची दुरुस्ती झालीय, अर्ज पुन्हा गेलाय. काका दर सोमवारी फोन करतात, आधी छाटणी कुठवर आली ते सांगतात, मग विचारतात. दुसरी जागा मी पंधरा दिवस अडवून ठेवलीय. याहून जास्त मला अडवता येणार नाही.