पाव चमचा सोडा

सहा वर्षं मी सिंहगड रस्त्यावरच्या घरातून केक विकते. ‘अर्धा किलो, संध्याकाळपर्यंत, वर फोटो हवा, आणि मैदा-साखरच तर असते ना, कमी करा की’ असल्या ऑर्डरींवर माझं उत्तम चाललंय. स्पर्धेत उतरायचं कधी मनातही आलं नव्हतं. लेकीनं परस्पर फॉर्म भरला आणि मग घरातली सगळीच यायला निघाली.

विषय होता पारंपरिक चवीचा बिनअंड्याचा केक. घरून भाजून न्यायचा, सजावट तिथे करायची. बायका गुलाबजाम नाहीतर रसमलाई आणणार हे ठाऊकच होतं. प्रीमिक्सच्या स्पंजवर रसमलाईचं दूध ओतलं की त्याला आमच्या धंद्यात फ्यूजन म्हणतात.

मी धोंडस करायचं ठरवलं. सासूबाई रत्नागिरीकडच्या, आणि गणपतीनंतर मंडईत पिकलं तवसं, म्हणजे मोठी जून काकडी, दिसलं की त्यांच्याच्यानं राहवत नाही. तांदळाच्या कण्या तुपावर भाजायच्या, तवशाचा कीस, त्याचंच सुटलेलं पाणी आणि गूळ घालून शिजवायच्या. ओलं खोबरं, वेलची, काजू. मग जाड बुडाच्या पातेल्यात हळदीची पानं अंथरून त्यावर हे थापायचं, खाली विस्तव आणि वर झाकणावर निखारे. म्हणजे ओव्हनच की. माझा ओटीजी मात्र 180 दाखवतो तेव्हा आत 165 असतात. आत थर्मामीटर टांगल्याशिवाय मी काही भाजत नाही. क्लासला येणाऱ्या प्रत्येकीला हे सांगते, आणि प्रत्येक जण म्हणते, ‘पण रेसिपीत 180 लिहिलंय.’

चुकले ती इथे. नियमावलीत पोताला 30 गुण होते. धोंडस मऊ असलं तरी गच्च असतं. स्पंज खाऊन वाढलेल्या परीक्षकांना ते कच्चं वाटेल, अशी मला धास्ती. म्हणून पहाटे पाचला, सासूबाई उठायच्या आत, मिश्रणात पाव चमचा खायचा सोडा घातला. गुळाला अंगचाच थोडा आंबटपणा असतो, त्यामुळे लगेच फसफसलं. पण तांदळात ग्लुटेन नाही आणि अंडंही नाही, मग ते बुडबुडे धरून कोण ठेवणार? पंचविसाव्या मिनिटाला धोंडस असं फुगलं की मी काचेतून फोटो काढला. चाळिसाव्या मिनिटाला मधोमध बशीएवढा खड्डा. रंगही नेहमीपेक्षा काळपट, कारण सोड्यानं वरची बाजू लवकर करपते. सहा वर्षांत असे खड्डे मी किती बुजवलेत, गिऱ्हाइकाला कधी पत्ता लागलेला नाही. पांढऱ्या चॉकलेटचं गनाश केलं, तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम. गरमीत याहून सैल चालत नाही.

केक मांडीवर घेऊन बसू नये, सीटवर तर ठेवूच नये. सीट मागे उतरती असते. पुढच्या सीटच्या पायाशी सपाट जागा असते, तिथे रबरी जाळी घालून ठेवायचा आणि एसी पूर्ण. राजाराम पूल ओलांडेपर्यंत ठीक होतं. पुढे कर्वेनगरात प्रत्येक गतिरोधकाला मागून सासूबाईंचं ‘हळू रे, हळू’ आणि नवऱ्याचं ‘आई, अजून किती हळू?’

कोथरूडच्या कार्यालयात दहाची वेळ दिली होती. परीक्षक टेबलांपाशी यायला सव्वाबारा वाजले, कारण आधी शाल, श्रीफळ आणि तीन भाषणं. ऑक्टोबरचं ऊन, वर नुसते पंखे. शेजारणीची क्रीमची गुलाबं माना टाकत होती आणि ती बिचारी केकला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. गोड पदार्थांची स्पर्धा भरवणाऱ्यांना क्रीम वितळतं हे कुणी सांगत कसं नाही?

परीक्षक बाईंनी सुरी घातली, तुकडा नाकाशी नेला, चाखला. ‘हळदीचं पान! वा.’ मग विचारलं, ‘फुगवायला काय वापरलंत?’

मी तोंड उघडायच्या आत दोरीपलीकडून सासूबाई, ‘काही नाही हो! आमच्याकडे धोंडसात सोडा घालत नाहीत. तवशाच्या पाण्यावरच होतं ते.’

बाईंनी टेबलावरचं कार्ड उचललं. विकायच्या डब्यावर सगळे घटक लिहायची मला सवय, जास्तीपासून कमीकडे. शेवटच्या ओळीत माझ्याच अक्षरात ‘खाण्याचा सोडा’. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोर्डावरचं पान उगाच सरळ करत राहिले. चार माणसांत सासूबाईंना खोटं पाडायचं, की खोटं तसंच राहू द्यायचं? मी काहीच बोलले नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढे गेल्या.

पहिला नंबर गुलाबजाम केकचा. माझ्या कागदावर चवीला 30 पैकी 26, पोताला 14, आणि खाली शेरा: ‘धोंडसाचा मूळचा घट्टपणा हवा होता.’

परतीच्या वाटेवर लेक गुणांवरून आयोजकांशी मनातल्या मनात भांडत होती, सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर उरलेल्या धोंडसाचे दोन तुकडे त्यांनी सावकाश खाल्ले. ‘यंदा जरा हलकं झालंय,’ म्हणाल्या आणि बशी धुवायला उठल्या. तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

रात्री एका ऑर्डरीसाठी सोडा लागला. पहाटे घाईत मी बरणी ओट्यावरच उघडी टाकली होती. ती कपाटात, आपल्या जागी सापडली. झाकण इतकं गच्च की उघडायला नवऱ्याला हाक मारावी लागली. आमच्या घरात झाकणं एवढी गच्च लावणारं एकच माणूस आहे.