झूज्याज्याव : पाण्याकडे तोंड असलेलं गाव

चीनमधल्या झूज्याज्याव गावात, फांगशंग पुलाच्या पायथ्याशी आई थांबली. पाणी अगदी संथ, हिरवट. वाईला कृष्णेचे पूर बघत ती मोठी झालेली, त्यामुळे तिने लगेच विचारलं, "इथे पूर येत असेलसं वाटत नाही. मग पूल इतका उंच कशाला गं?"

आमच्या गाइड मुलीला मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. ती म्हणाली, "इथे खरा रस्ता म्हणजे पाणी. होडी अडू नये म्हणून माणसाने चढायचं." पुढचे तीन तास मी सगळं गाव या एका उत्तरातूनच पाहिलं.

झूज्याज्याव शांघायच्या पश्चिमेला, बसने तासाभरावर आहे. डिसेंबर 2017 पासून मेट्रोची 17 नंबरची लाइनही इथवर येते. पण आईचे गुडघे आणि आमचं शून्य चिनी लक्षात घेऊन आम्ही अर्ध्या दिवसाची सहल घेतली. सकाळी आठला निघालो, जेवणाच्या वेळेला परत. 'झू' हे आडनाव आणि 'ज्याव' म्हणजे कोपरा, म्हणजे झू मंडळींचा कोपरा. आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांची नावं अशीच पडतात.

पुलाखालच्या नदीचं नाव त्साओगांग. त्यातला 'त्साओ' हा शब्द सरकारी धान्य जलमार्गाने राजधानीला पोचवण्यासाठी वापरत. भात आणि सुती कापड यांवर हे गाव मिंग राजवटीच्या काळात (1368 ते 1644) भरभराटीला आलं. आज जिथे आइस्क्रीमची दुकानं आहेत, तिथे एके काळी पोती उतरत असणार. ते कळल्यावर घरांची रचनाही उलगडली. काठावरच्या घरांच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. गल्ल्या मात्र इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या वळचणी एकमेकींना टेकतील असं वाटतं. पाण्याच्या बाजूने पाहिलं तर ऐसपैस, गल्लीच्या बाजूने पाहिलं तर दाटीवाटीचं. म्हणून सांगते, इथे वेळ कमी असेल तर दुकानं सोडा, पण होडी सोडू नका.

होडी लाकडी, वर छप्पर. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून एकच लांब वल्हं चालवतो. ते पाण्याबाहेर काढतच नाही, माशाच्या शेपटीसारखं डावी-उजवीकडे फिरवत राहतो. आवाज फक्त लाकडाच्या कुरकुरीचा. एका पायरीवर एक आजी भाजी धूत होत्या. आईने हात हलवला, त्यांनी भाजीची जुडीच हलवली. "आमच्या घाटावर अस्संच," एवढंच आई म्हणाली आणि मग बराच वेळ गप्प राहिली.

पुढे मिंगनंतरच्या छिंग राजवटीच्या काळातलं टपाल कार्यालय आहे, दारात ड्रॅगन कोरलेली ब्राँझची टपालपेटी. ते आम्ही घाईत पाहिलं. खझी बागेसाठीही अर्धाच तास मिळाला, याचं मला अजून वाईट वाटतं. 1912 साली मा घराण्याने ती बांधायला घेतली. 'ख' म्हणजे अभ्यास, 'झी' म्हणजे लावणी. वाचावं, पण शेती विसरू नये, असा त्या नावाचा अर्थ. एवढ्या श्रीमंत माणसाने घराला असं नाव द्यावं, हे मला फार आवडलं.

उत्तरेच्या मोठ्या गल्लीत दारोदारी बायका झोंगझी बांधत बसलेल्या. चिकट तांदूळ पानांत गुंडाळून दोऱ्याने आवळायचा आणि उकडायचा. "अगं, ही तर पातोळ्यांची चुलत बहीण!" आई खूश झाली. बहुतेकांत डुकराचं मांस असतं, म्हणून गाइडने विचारून लाल चवळीसारख्या गोड डाळीची झोंगझी मिळवून दिली. पान सोडवताना जो वाफाळ, गवती वास आला, तो हळदीच्या पानासारखा मुळीच नव्हता, तरी श्रावणाची आठवण झालीच.

परतताना आई पूल चढली. मध्ये दोनदा थांबली, पण चढली. पाच कमानींचा, सुमारे 70 मीटर लांब. 1571 मध्ये शिंगचाओ नावाच्या भिक्षूने वर्गणी जमवून तो उभारला आणि 1812 मध्ये पुन्हा बांधून काढला गेला. दगडांच्या फटींतून डाळिंबाची झाडं उगवलीत. फांगशंग म्हणजे जीव सोडून देणं. या पुलाखाली मासेमारी नाही, इथे मासे फक्त सोडायचे, असा त्या भिक्षूंचा नेम होता. आजही पायथ्याशी पिशव्यांत छोटे मासे विकायला असतात.

"सोडायला म्हणून आधी पकडायचे, हे काही मला पटत नाही," आई म्हणाली. पण पिशवीतल्या माशांकडे तिचं सारखं लक्ष जात होतं. शेवटी तिनेच पर्स उघडली. पायऱ्या उतरून तिने पिशवी पाण्यात तिरकी केली. चार मासे लगेच दिसेनासे झाले. पाचवा तिच्या सावलीत थोडा वेळ रेंगाळला. बस सुटायची वेळ झाली होती, तरी गाइडने आम्हाला हाक मारली नाही.