मार्थाची दुसरी पंगत

रोज सकाळी पावणेसातला मी किल्लीच्या रजिस्टरवर सही करते आणि मास्टर की गळ्यात अडकवते. पूर्वी खरीखुरी जड किल्ली होती, आता कार्ड आहे. मुंबईच्या हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये मला २७ वर्षं झाली. सही झाली की खिशातल्या छोट्या चित्राला एकदा हात लावायचा, ही सवय. चित्रात संत मार्था आहे, हातात पळी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वसईच्या आमच्या घरात माझ्या आजीच्या कमरेलाही असाच जुडगा असायचा. ‘मार्था’ या अरामी नावाचा अर्थच मुळी घरधनीण.

स्वयंपाकी, वेटर, घरकाम करणाऱ्या बाया, आल्यागेल्याची उठबस करणारे आम्ही सगळे, आमची ती पाठीराखी. २९ जुलै तिचा सण. २०२१ पासून हा दिवस मार्था, मरीया आणि लाजर या तिघा भावंडांचा मिळून झाला. आधी मला ते खटकलं होतं. वर्षातून एक दिवस तिचा, तोही वाटून द्यायचा? मग वाटलं, ते घर तिघांचंच होतं, आणि तिची तक्रारही तीच होती की काम एकटीवर पडलंय.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मात्र ती मला बोलणी खाणारी बाई म्हणूनच भेटली. येशू घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था चुलीपुढे. शेवटी ती वैतागून म्हणते, हिला सांगा ना मला हात लावायला. तर तो म्हणतो, मार्था, मार्था, तू किती दगदग करतेस, मरीयेने चांगला वाटा निवडलाय. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात गोष्ट इथेच संपते. त्या दिवशी जेवण कुणी वाढलं, हे लूक सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी फार दिवसांनी एक रविवार सुट्टी मिळाली आणि नेमका हाच उतारा मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आला. प्रवचनात सांगितलं गेलं की काही लोकांना देवासाठी वेळच नसतो, ती मार्थाची माणसं. मी मागच्या बाकावर बसले होते. आदल्याच ईस्टरला मी ड्युटीवर होते, त्याआधीच्या नाताळलाही. हॉटेलात सणाच्या दिवशी एकही खोली रिकामी नसते. बाकीचे मिस्सेला जातात तेव्हा आम्ही चादरीचे कोपरे दुमडत असतो, ते देवाला टाळायला नव्हे. घरी येताना मला रडू आलं.

पुढे एक पोस्टकार्ड हातात आलं. चेकआउट झालेल्या खोलीत टेबलाखाली पडलेलं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. सापडलेल्या वस्तूंच्या कपाटात ते जमा केलं. मुदत उलटूनही कुणी मागितलं नाही, तेव्हा नियमाप्रमाणे ज्याला सापडलं त्याला मिळालं. व्हेलाझकेझ या स्पॅनिश चित्रकाराचं चित्र आहे, १६१८ सालचं. तो तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. पुढे मोठ्या आकारात एक मुलगी खलात लसूण कुटतेय, गाल लाल, डोळे भरून आलेले. समोर मासे, दोन अंडी, सुकी लाल मिरची. येशू आणि मरीया पार मागे, कोपऱ्यातल्या खिडकीएवढ्या चौकटीत. मला ते बघताक्षणी ओळखीचं वाटलं. बँक्वेटला स्वयंपाकघराच्या दारातून हॉल असाच दिसतो, लांब, उजेडात, आणि आपण इकडे हातातलं काम करत उभे.

त्यानंतर मी बायबलमध्ये मार्था कुठे कुठे आहे ते शोधलं. वसई ते चर्चगेट, लोकलमध्ये वेळ भरपूर मिळतो.

योहानाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात लाजर मरतो. मरीया घरात बसून राहते, मार्था उठून येशूला वाटेवर गाठते. तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, हे ती तिथे स्वतःच्या तोंडाने म्हणते. आणि थोड्या वेळाने तो थडग्याची धोंड काढायला सांगतो तेव्हा हीच म्हणते, प्रभू, चार दिवस झालेत, आता वास येत असेल. मला हे वाक्य फार प्रिय आहे. ज्याने बंद खोल्या उघडल्यात, त्यालाच आधी वास आठवतो. २०२० मध्ये ८ जुलैपासून ३३ टक्के क्षमतेने हॉटेलं सुरू करायला सरकारने परवानगी दिली. तीन महिने बंद असलेल्या खोल्या आम्ही उघडल्या, त्याही भर पावसात. गाद्यांना कुबट दमटपणा, आणि बाथरूमच्या जाळीखाली अडून राहणारं पाणी आटल्यामुळे गटाराचा वास थेट वर आलेला. आधी सगळे नळ सोडले, मग पडदे सरकवले. पहिल्या खोलीत ऊन आलं तेव्हा माझ्याबरोबरची मुलगी हात जोडून उभी राहिली.

आणि बारावा अध्याय. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या सहा दिवस आधी येशू पुन्हा बेथानीला, या भावंडांच्या गावी येतो. त्याच्यासाठी जेवण केलेलं आहे, येशूने मरणातून उठवलेला लाजर पंगतीला बसलाय, मरीया येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. आणि तिच्याबद्दल एवढंच लिहिलंय की मार्था वाढत होती. म्हणजे तिने काम सोडलं नव्हतं. या वेळी ना तिची तक्रार, ना तिला कुणी थांबवत. येशूला तिची दगदग नको होती, तिचं वाढणं नको नव्हतं. हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे. ही दुसरी पंगत मला वर्गात कुणी सांगितली नाही. हॉटेलात कामाला लागणाऱ्या आमच्या गावातल्या मुलामुलींना मी आता आधी हीच सांगते.

माझ्या मजल्यावर लालबागची एक जण आहे. गणपतीत तिच्या पाच दिवसांच्या ड्युट्या मी करते, नाताळला माझी ती करते. मागच्या २५ डिसेंबरला मी वसईत होते. मिस्सा झाली, जेवणं झाली, अंगणात सगळे बसले होते. दुपारी तिचा फोन आला.

“ताई, १२०४ ला जास्तीची उशी हवीय. कुठे ठेवलीत?”

“पँट्रीत डावीकडचं कपाट. वरच्या फळीवर, पांढऱ्या पिशवीत.”

“मिळाली. बसा तुम्ही,” म्हणाली, आणि फोन ठेवला.